शिरोड्याचे मीठ आणि सोलापूरची शिंदी

मागच्या हिवाळ्यात आम्ही उभयता मुलाच्या गाडीतून आंबोली घाट उतरलो आणि सावंतवाडीवरून शिरोड्याच्या वेळागर किनाऱ्यावर गेलो. आम्हा सोलापूरकरांना समुद्राचे अप्रूप फार. सुरूची झाडी संपली की एकदम वाळू, आणि त्या दुपारी माणसे म्हणाल तर आम्ही तिघे आणि जाळे सारखे करणारे दोघे. सौ. पाण्यात पाय बुडवून उभ्या राहिल्या. माझ्या डोक्यात मात्र १९३० सालचा मे महिना घोळत होता. (तेव्हा माझा जन्मही नव्हता, पण आयुष्यभर इतिहास शिकवल्यावर असे होतेच!)

शिरोडा हे मिठागरांचे गाव. भरतीचे पाणी बांध घातलेल्या उथळ चौकोनांत घ्यायचे, उन्हात आटू द्यायचे, तळाशी बसलेले मीठ ओढून ढीग करायचे. काम उन्हाचे आणि कष्टाचे. पण १८८२च्या कायद्याने मिठावर सरकारचा मक्ता, त्यामुळे ज्याच्या दारात समुद्र त्यानेही मूठभर मीठ उचलले तर तो गुन्हेगार. ६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी दांडीला ते उचलले आणि मे महिन्यात महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतून आलेले सत्याग्रही शिरोड्याच्या मिठागरांवर उतरले. त्या वेळी वि. स. खांडेकर याच गावी शाळामास्तर होते, १९२० ते १९३८. एवढ्याशा गावातल्या मास्तरला पुढे ज्ञानपीठ मिळाले, याचा आम्हा मास्तर मंडळींना उगीचच अभिमान! असो.

आता आमचे सोलापूर. इथे ना समुद्र, ना खाडी. मग कायदा मोडायचा कोणता? दुसरीकडे लोकांनी जंगल सत्याग्रह केला, सोलापूरकरांनी शिंदीच्या झाडांवर कुऱ्हाड चालवली. शिंदीच्या अबकारीचा पैसाही मिठाच्या करासारखाच सरकारी तिजोरीत जात होता. शाळेत आपण फक्त दांडी शिकवतो, आणि मग मुलांना वाटते की चळवळ सगळी मिठाचीच होती. खरे तर ज्याच्या हाताशी जे होते त्याने ते धरले.

४ मेच्या मध्यरात्रीनंतर गांधीजींना अटक झाली आणि गिरणीकामगारांचे हे गाव पेटले. ८ मे रोजी शिंदीची झाडे तोडण्यावरून रूपाभवानीच्या बाजूला गोळीबार झाला, शंकर शिवदारे हा तरुण पडला. जमावाच्या हातून दोन पोलीसही मारले गेले, कोर्टाची इमारत जळाली. ही बाजू झाकून सांगू नये असे माझे मत आहे. पोलीस शहराबाहेर गेले, तीन-चार दिवस गावाचा कारभार लोकांनीच पाहिला, आणि १२ मे रोजी लष्करी कायदा आला. गांधी टोपी घालून रस्त्यावर येणेसुद्धा जोखमीचे झाले. पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिले. त्या चौघांचे पुतळे आमच्या चौकात आहेत. रोज त्यांच्यासमोरून रिक्षा जातात.

वाळूत बसून हे सगळे मुलाला सांगत होतो. तो म्हणाला, "बाबा, मग शेवटी मिठाचे काय झाले?"

५ मार्च १९३१ रोजी गांधी-आयर्विन करार झाला. त्यात, जिथे मीठ मिळते किंवा करता येते अशा भागातल्या गावकऱ्यांना घरच्या वापरापुरते आणि गावातल्या गावात विकण्यापुरते ते घेण्याची मोकळीक मिळाली. कर काही उठला नाही. दारूच्या दुकानांवर शांततेने निरोधन करायलाही मुभा मिळाली. चौघांच्या फाशीला तेव्हा बावन्न दिवस झाले होते.