दंड कोणाचे?

लसीच्या इतिहासात शास्त्रज्ञांची नावे आहेत. ज्या मुलांच्या दंडावर ती लस जगली, त्यांची कुठे आहेत? १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉलला देवीची लस टोचली. भारतातली ती पहिली, म्हणून तिचे नाव राहिले. पुढे एका मुलाच्या फोडातली लस दुसऱ्याला टोचत ती गावोगाव नेण्यात आली. अशा कामी गोरगरिबांची, हीन मानलेल्या जातींची मुले वापरली गेली. त्यांच्या दंडावरची लस घेताना सवर्णांना विटाळ आठवला. मुलांना मात्र कोणी विचारले नाही. १८७७ साली मुंबई शहरात कायद्यानेच लस सक्तीची झाली.

आज औषध महानियंत्रक लसीला परवाना देतो, तज्ज्ञांचा राष्ट्रीय सल्लागार गट शिफारस करतो. तरीही २००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लसीच्या प्रकल्पात आदिवासी मुलींच्या अनेक संमतिपत्रांवर आईबापांच्या जागी वसतिगृहाच्या वॉर्डनने सह्या केल्या. २०१० साली प्रकल्प थांबवावा लागला.

लस आम्हाला हवीच. देवी तिनेच संपवली. पण सुई टोचण्याआधी आमच्या आईबापांना समजेल अशा भाषेत सांगा, आणि त्यांचे उत्तर ऐका. दीडदोनशे वर्षांची ही बाकी आहे.