‘ह्यू लिंडसे’चा कोळसा : मुंबई-सुवेझ जलमार्गावरील इंधनाचा प्रश्न

मुंबईहून वाफेच्या नौकेने सुवेझ गाठण्याचा पहिला प्रयत्न बहुधा टपालाच्या वेगाची कथा म्हणून सांगितला जातो. वस्तुतः ती कोळशाची कथा आहे. यंत्रनौका नवी असो वा दुसऱ्याच्या हातून आलेली जुनी असो, ती घेणाऱ्यास दोन गोष्टी आधी पाहाव्या लागतात : ती इंधन किती खाते, आणि जेथे जावयाचे तेथे ते कोणत्या प्रतीचे मिळेल. मुंबई सरकारने या दोन्ही गोष्टींचा निकाल नौका बांधून झाल्यावर लावला.

या खटाटोपामागे गव्हर्नर सर जॉन माल्कम होते. १८१८ साली दुसरा बाजीराव ज्यांच्या स्वाधीन झाला, आणि पुढे पुण्याजवळील दापोडीचा बंगला ज्यांच्या कारकीर्दीत गव्हर्नरांचे निवासस्थान झाला, तेच हे माल्कम. ४११ टनांची ‘ह्यू लिंडसे’ मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील नौरोजी जमशेटजी यांनी बांधली व १८२९ मध्ये ती पाण्यात उतरली. तिला प्रत्येकी ८० अश्वशक्तीची दोन यंत्रे होती. तिच्यात कोळशाची सोय होती सुमारे साडेपाच दिवसांची. एडनचा पल्ला मात्र सुमारे १,६४० मैलांचा, म्हणजे अकरा दिवसांचा! तेव्हा उतारूंच्या खोल्यांपासून तक्तपोशीपर्यंत मिळेल तेथे कोळसा रचण्यात आला. अशा ओझ्याने नौका खोल बसते, वल्हेचाके प्रमाणाबाहेर बुडतात, आणि तेवढ्याच वाटेला अधिक कोळसा जळतो. इंधन वाहून नेण्यासाठीच इंधन खर्ची पडावे, असा हा प्रकार होता.

२० मार्च १८३० रोजी कमांडर जॉन विल्सन यांच्या हाताखाली नौका निघाली. ती एडनला पोचली तेव्हा तिच्यात अवघा सहा तासांचा कोळसा शिल्लक होता. वारा थोडा अधिक विरुद्ध असता, तर हा प्रयोग भर समुद्रातच संपला असता. पुढे २२ एप्रिलला सुवेझ आले. एकूण ३३ दिवसांपैकी सुमारे १२ दिवस वाटेतील मुक्कामांत, मुख्यतः कोळसा भरण्यात गेले.

प्रतीचा प्रश्नही तितकाच बिकट होता. विलायती कोळसा केप ऑफ गुड होपला वळसा घालून शिडाच्या जहाजांनी येई. म्हणजे वाफेला शिडाच्या तोंडाकडे पाहावे लागे. बंगालमधील राणीगंजचा कोळसा जवळचा खरा, पण त्यात राख अधिक आणि उष्णता कमी. जमिनीवरील कारखान्यास हे चालून जाते; मोजक्या जागेच्या नौकेस चालत नाही, कारण तेथे हलका कोळसा म्हणजे तोकडा पल्ला. शिवाय बाष्पकात समुद्राचेच पाणी असे. त्याच्या क्षाराची पुटे आत चढत आणि ती टाळण्यासाठी तापलेले पाणी वारंवार बाहेर सोडावे लागे. त्यात कोळशाची उष्णता वाया जाई.

लंडनच्या संचालकांना हा खर्च रुचला नाही. तरीही डिसेंबर १८३० मध्ये निवृत्त होऊन स्वदेशी निघालेले माल्कम याच नौकेत बसले, आणि फेऱ्या पुढेही चालू राहिल्या. १८३४ साली पार्लमेंटच्या समितीने हिंदुस्थानच्या बाष्पमार्गाचा विचार केला. १९ जानेवारी १८३९ रोजी कॅप्टन हेन्स यांनी एडन घेतले. १८३७ मध्ये एडनजवळ ‘दर्या दौलत’ हे जहाज लुटले गेले होते, हे त्याचे निमित्त. परंतु मुंबई आणि सुवेझ यांच्या दरम्यान कोळशाच्या वखारीची जरुरी नसती, तर त्या निमित्ताला एवढे वजन आले असते असे वाटत नाही. एडनचा कारभार पुढे १९३२ पर्यंत मुंबई सरकारकडेच राहिला.