ठिणगीची वेळ आणि टर्बो इंजिनाचे आयुष्य

पेट्रोल इंजिनात इंधन आणि हवेच्या मिश्रणावर नेमक्या कोणत्या क्षणी ठिणगी पडावी, हे ठरविण्याला 'इग्निशन टायमिंग' म्हणतात. टर्बोचार्जर असलेल्या इंजिनात पूर्ण भार असताना ही वेळ चुकली, तर इंजिन काही सेकंदांत निकामी होऊ शकते. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडणाऱ्या सोलापूरसारख्या शहरात हा धोका आणखी वाढतो.

लवकर की उशिरा?

मिश्रण पेटल्यावर ज्योत पसरण्यास काही वेळ लागतो. मिनिटाला ६,००० फेऱ्या घेणारा क्रँकशाफ्ट मात्र एका मिलिसेकंदात ३६ अंश फिरतो. त्यामुळे पिस्टन माथ्यावर पोहोचण्यापूर्वीच ठिणगी पाडावी लागते. ती फार लवकर पडली, तर उरलेले मिश्रण दाब आणि उष्णतेने आपोआप पेट घेते. हेच 'नॉकिंग'. ती फार उशिरा पडली, तर ताकद घटते आणि तप्त धुराची झळ टर्बोला बसते.

टर्बो आणि उष्णता

टर्बो हवा दाबून आत ढकलतो. दाबलेली हवा तापते. बाहेरचे तापमान ४३ अंश असताना वातावरणाच्या १.७ पट दाबापर्यंत दाबलेली हवा शंभर अंशांच्या पुढे जाऊ शकते. इंटरकूलर ती थंड करतो. पण हवेवर चालणारा इंटरकूलर तिला बाहेरच्या तापमानापेक्षा खाली आणू शकत नाही. म्हणून जानेवारीच्या गारव्यात निर्धोक ठरलेले टायमिंग मे महिन्यात घातक ठरू शकते.

रोटरीचे वेगळेपण

जर्मनीच्या फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेतील रोटरी इंजिन १९५७ मध्ये प्रथम चालले. जपानच्या माझदा कंपनीने १९६७ पासून ते मोटारींत वापरले. टर्बोसह आलेल्या 'आरएक्स-७'चे उत्पादन २००२ मध्ये थांबले. सोलापूरच्या उद्योगाला कॅमशाफ्ट परिचित आहे. 'प्रिसिजन कॅमशाफ्ट्स' ही कंपनी १९९२ मध्ये स्थापन झाली ती याच शहरात. रोटरीत मात्र कॅमशाफ्टही नसतो आणि व्हॉल्व्हही नसतात. त्रिकोणी रोटरभोवतीची जागा लांबट असल्याने सहसा प्रत्येक रोटरसाठी दोन स्पार्क प्लग असतात. 'लीडिंग' आधी पेटतो. टर्बोचा दाब असताना 'ट्रेलिंग' साधारणपणे दहा ते पंधरा अंश उशिरा पेटवितात. रोटरच्या तिन्ही टोकांवर पातळ 'एपेक्स सील' असतात. नॉकिंगचा तडाखा बसताच ते तुटतात आणि त्यांचे तुकडे टर्बोपर्यंत जाऊ शकतात.

टायमिंग लावताना

प्रथम टायमिंग लाइटने संगणक दाखवितो तो अंश आणि पुलीवरील खूण जुळते का, हे तपासतात. येथेच फरक राहिला, तर पुढील सारे आकडे व्यर्थ ठरतात. नंतर फेऱ्या आणि दाब यांनुसार तक्ता भरतात. दाब वाढेल तसे टायमिंग उशिरा घेतले जाते, शिवाय हवेचे तापमान वाढले की आणखी काही अंश कमी केले जातात. सुरुवात उशिराच्या, सुरक्षित आकड्यांपासून करतात. मग डायनोवर एकेक अंश वाढवून पाहतात. ताकद वाढेनाशी झाली की, नॉकिंगची वाट न पाहता तेथेच थांबणे शहाणपणाचे. मिश्रणात इंधन कमी पडत नाही ना, यावरही सतत लक्ष ठेवावे लागते.

उसाचा इंधनाशी संबंध

सोलापूर हा साखर कारखान्यांचा जिल्हा. उसापासून होणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळण्याचे प्रमाण २०२५ मध्ये देशात २० टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉल नॉकिंग रोखते आणि बाष्पीभवनाने मिश्रण थंडही करते. मात्र त्यातील ऊर्जा पेट्रोलपेक्षा लिटरमागे सुमारे एक तृतीयांश कमी असल्याने इंधन अधिक लागते. ज्या इंजिनाला नॉक सेन्सर नाही, ते इंधनातील बदल ओळखू शकत नाही. म्हणून इंधन बदलले की टायमिंगही पुन्हा तपासून घेणे आवश्यक ठरते.