झाशीच्या तटाआड, एका भिक्षुकाच्या शेजारी

तुम्ही झाशीत आहात. साल १८५८, मार्चचा शेवटचा आठवडा. पाडवा होऊन थोडेच दिवस झालेत, पण बुंदेलखंडातले ऊन आत्ताच अंग भाजून काढते आहे. टेकडीवर किल्ला, त्याच्या पायथ्याशी शहर आणि शहराभोवती तट. नेवाळकरांच्या या संस्थानात मराठी घरे बरीच, त्यामुळे गल्लीतून जाताना कानावर ओळखीचे शब्द पडतात. लोक राणीला ‘बाईसाहेब’ म्हणतात. तटाबाहेर इंग्रज सेनापती सर ह्यू रोजची फौज उतरली आहे आणि तोफांचे मोर्चे बांधून झाले आहेत.

ज्या घरात तुम्हाला आसरा मिळाला आहे, तिथे कोपऱ्यात एक तिशीचा माणूस बसला आहे. विष्णुभट गोडसे, मुक्काम वरसई, कोकण. घरी कर्ज झाले, म्हणून काका रामभटांबरोबर तो उत्तरेकडे निघाला. बायजाबाई शिंदे मथुरेला सर्वतोमुख यज्ञ करणार, तिथे चांगली दक्षिणा मिळेल, एवढाच त्याचा हिशेब. वाटेत महूजवळ शिपायांच्या बंडाची कुणकुण लागली, पण दोघे मागे फिरले नाहीत. त्याच्या हाती तलवार नाही, दरबारात त्याला मान नाही आणि या युद्धात जिंकण्यासारखेही काही नाही. त्याच्याकडे नीट पाहून घ्या. पुढच्या दिवसांत जे घडेल, ते पुढच्या पिढ्यांना मराठीतून सांगणारा माणूस हाच आहे.

रात्र होते. बाहेरून तोफ सुटते आणि तांबडा गोळा आभाळात चढताना दिसतो. तो कुठे पडेल ते कळत नाही. प्रत्येकाला वाटते, आपल्याच डोक्यावर येतोय. किल्ल्यावरून गुलाम गौस खानाच्या तोफा उत्तर देतात. सकाळी पाण्याला बाहेर पडायचे की तहान मारायची, याचा विचार आधी करावा लागतो. तुम्ही शाळेत वाचलेल्या युद्धात राजे होते, सेनापती होते, तहाची कलमे होती. या घरातल्या युद्धात घागर आहे, चूल आहे आणि आज कोणाचे घर पडले याची विचारपूस आहे.

३१ मार्चच्या रात्री दूरच्या टेकडीवर मोठा जाळ दिसतो. राणीच्या मदतीला तात्या टोपे आले! तटावर आरोळ्या उठतात, तोफांची सलामी होते, घराघरांत माणसे मोकळेपणी बोलू लागतात. दुसऱ्या दिवशी बेतवेच्या बाजूला लढाई होते आणि तात्यांची फौज मोडते. सर ह्यू रोजच्या अहवालात या दिवसाला मोर्चे, तोफा आणि हालचाली आहेत. शहराची आशा एका रात्रीत कशी चढली आणि एका दिवसात कशी विझली, ते मात्र तटाच्या आत असलेल्या माणसालाच सांगता येते.

३ एप्रिलला इंग्रज तट ओलांडून शहरात शिरतात. त्यांच्या मनात सूड आहे. आदल्या वर्षी ८ जूनला याच झाशीत, जोखनबागेत, साठाच्या आसपास युरोपीय माणसे मारली गेली होती. त्यांत बायका होत्या, मुले होती. आता ज्यांचा त्या हत्येशी काही संबंध नाही अशी माणसे गल्लोगल्ली मारली जात आहेत. हलवाईपुरा पेटला आहे. ४ एप्रिलच्या रात्री राणी किल्ल्यातून निसटते. तुम्ही गोडसे भटजींबरोबर अंधारात दडून बसला आहात. इंग्रजांचे शिपाई शोधत येतात, पदरची दक्षिणा काढून घेतात आणि जीव तेवढा सोडतात.

लुटीलाही एक क्रम असतो, हे तुम्ही इथे पाहता. आधी सोने-नाणे जाते. मग तांब्या-पितळेची भांडी. मग कपडे, धान्य, जे उरले असेल ते. राजवाड्यातले ग्रंथालय उद्ध्वस्त होते आणि जमवलेल्या पोथ्यांची धूळधाण होते. सर्वस्व गेलेला हा भिक्षुक त्या पोथ्यांसाठी हळहळतो. तुम्हीही क्षणभर थांबा. कारण माणसे मारली जातात तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांनी जपलेले ज्ञानही मरते, हे युद्धाच्या फार थोड्या नोंदींत सापडते.

याच वेळी टॉमस लो नावाचा एक डॉक्टर इंग्रजी फौजेबरोबर आहे. त्याचे मध्य हिंदुस्थानातल्या मोहिमेवरचे पुस्तक १८६० मध्ये लंडनला छापले जाईल. तोही प्रत्यक्षदर्शी आहे. एकाच तटाच्या दोन बाजूंना दोन साक्षीदार आहेत. एकाचे पुस्तक दोन वर्षांत येते. दुसऱ्याच्या पुस्तकासाठी जवळपास पन्नास वर्षे वाट पाहावी लागणार आहे.

आता राणी निसटून गेली त्या काल्पीच्या वाटेवर चला. एका विहिरीजवळ गोडसे भटजींना पुन्हा बाईसाहेब दिसतात: पुरुषी वेश, अंगावर धूळ, घशाला कोरड. ते पाणी काढून द्यायला पुढे होतात. विद्वान ब्राह्मणाकडून असे काम करून घेणे राणीला पटत नाही. ती स्वतः पाणी काढते आणि ओंजळीने पिते. हा प्रसंग कुठल्याही लष्करी कागदात सापडणार नाही. लढाईच्या निकालावर त्याचा काही परिणाम नाही. तरीही राणी आठवली की अनेक मराठी वाचकांना हीच विहीर आधी आठवते.

आता पंचवीस वर्षे ओलांडा. १८८३ च्या सुमारास तुम्ही वरसईला आहात. आईवडिलांसाठी कावडीतून गंगा घेऊन परतलेला तो तरुण आता पन्नाशी उलटून गेला आहे आणि जे पाहिले ते लिहून काढतो आहे. हे लिखाण वाचताना सावध राहा. त्यात पाहिलेले आणि ऐकलेले शेजारी शेजारी बसले आहे. कलकत्त्याला राजेरजवाड्यांची सभा भरवून सरकारने धर्माविरुद्ध कलमे पुढे ठेवली, अशी त्या काळी पसरलेली वदंताही त्याने घडलेली गोष्ट म्हणून दिली आहे. इतिहासकार असा मजकूर बाजूला काढतो, आणि ते योग्यच. तुम्ही मात्र तो टाकून देऊ नका. लोक का उठले हे समजायचे असेल, तर लोकांनी कशावर विश्वास ठेवला तेही कळावे लागते.

हस्तलिखित इतिहासकार चिंतामणराव वैद्यांकडे येते, पण लगेच छापले जात नाही. सत्तावन्नची हकिकत आपल्या नावाने छापणे म्हणजे सरकारी रोष ओढवून घेणे. ‘माझा प्रवास’ बाहेर येतो तो १९०७ मध्ये, गोडसे भटजींच्या मृत्यूनंतर, आणि तोही वैद्यांनी भाषा बदलून, मजकुराला हात लावून. मूळ लिखाण वाचकांपुढे यायला १९६६ साल उजाडते. ते काम दत्तो वामन पोतदारांनी केले. म्हणजे युद्धाची साक्ष तुमच्यापर्यंत येताना भीती, संपादन आणि काळ या तीन चौक्या ओलांडून आली आहे. हातात पुस्तक घेताना हा प्रवास लक्षात ठेवा.

पुन्हा झाशीला या. आता १९४० चे दशक आहे. वृंदावनलाल वर्मा हे इथले वकील राणीवर हिंदीत कादंबरी लिहीत आहेत. ती १९४६ मध्ये येईल. त्यांच्यापुढे कागद आहेत, घराण्यात आणि गावात ऐकलेल्या आठवणी आहेत, आणि कागदांमधल्या मोकळ्या जागा आहेत. त्या जागा ते कल्पनेने भरतात. राणीच्या भोवतीच्या स्त्रियांना बोलते करतात. बुंदेलखंडातल्या लोकांच्या तोंडी असलेली झलकारीबाई या कादंबरीमुळे दूरवरच्या वाचकांना ठाऊक होते. दप्तरात ज्यांची नोंद नाही अशा माणसांना कादंबरीकार आवाज देऊ शकतो, आणि हे त्याचे आपल्यावरचे मोठे ऋण आहे. पण त्याच्यावर एक मोहही घिरट्या घालत असतो. देश स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर आहे आणि वाचकाला तेजस्वी नायिका हवी आहे. अशा वेळी शंका, चुका, माघार, जोखनबागेतली ती मुले, हे सगळे हळूहळू चौकटीबाहेर सरकू शकते.

थोडे पुढे या. १९५० च्या दशकात महाश्वेता देवी नावाची तरुण बंगाली लेखिका बुंदेलखंडात फिरते आहे. ती गावोगाव जाते, लोकगीते आणि आख्यायिका जमवते, त्यांच्या बरोबरीने दस्तऐवज वाचते. १९५६ मध्ये तिचे पहिले पुस्तक येते, झाशीच्या राणीचे चरित्र. कागद आणि कंठ या दोघांनाही तिने एकाच मांडीवर बसवले. सत्तावन्नवर लिहायची ही वाट मला सर्वांत प्रामाणिक वाटते.

आता तुम्ही परत आजच्या दिवसात आला आहात. चारही प्रकारची पुस्तके तुमच्यापुढे आहेत: सेनापतीचा अहवाल, साक्षीदाराची हकिकत, कादंबरी आणि चरित्र. अहवाल शहर कसे पडले ते सांगतो. साक्षीदार ते शहर पडताना आतल्या माणसांचे काय झाले ते सांगतो. कादंबरी त्या माणसांच्या मनात उतरते. चरित्रकार या तिघांचेही ऐकून घेतो आणि तपासतो. यांतले एकच वाचणाऱ्याला युद्ध अर्धेच कळते. फक्त कादंबरी वाचणारा युद्धाच्या प्रेमात पडण्याचा धोका असतो, आणि फक्त अहवाल वाचणाऱ्याला मेलेली माणसे आकडे वाटू लागतात.

म्हणून माझे सांगणे सरळ आहे. कोणत्याही युद्धाबद्दल वाचायला घ्याल, तेव्हा सुरुवात साक्षीदारापासून करा, आणि शक्य तर अशा साक्षीदारापासून, ज्याला त्या युद्धात काहीच मिळवायचे नव्हते. मग कादंबरीकडे जा. झाशीपुरते सांगायचे तर ‘माझा प्रवास’ मराठीत आहे, आपल्या भाषेत आहे, आणि पोतदारांच्या आवृत्तीतून गोडसे भटजींचे स्वतःचे शब्द वाचता येतात. ते आधी वाचा.