गवती चहा आणि सोन्याचे त्रिकोण

१) परसातला गवती चहा पदार्थविज्ञानाच्या इतिहासात कसा पोहोचला, ते पाहू.

२) सोने पिवळे, ही ओळख मोठ्या तुकड्यापुरतीच खरी. १८५७ मध्ये मायकेल फॅरेडे यांनी सोन्याच्या क्षारावर फॉस्फरसची क्रिया करून माणकासारखे लाल द्रावण मिळवले. त्यातले कण इतके सूक्ष्म होते, की प्रकाशाशी त्यांचे वर्तनच पालटले होते.

३) पुढे उमगले, की कण केवढा आहे याबरोबरच तो गोल आहे की चपटा, यावरही त्याचे गुण ठरतात.

४) पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री व सहकाऱ्यांनी गवती चहाचा अर्क सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात मिसळला. मोठ्या प्रमाणात पातळ, सपाट त्रिकोण तयार झाले. हे संशोधन २००४ मध्ये ‘नेचर मटेरियल्स’मध्ये प्रसिद्ध झाले.

५) त्यांच्या मते, आधी द्रवासारखे वागणारे गोल कण बनतात, मग ते एकत्र येऊन भट्टीवाचून, खोलीच्या तापमानालाच सांधले जातात. हे त्रिकोण निकट-अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात शोषतात. रचना बदलली, तसे त्याच सोन्याला नवे कार्य लाभले.

६) ‘पूर्वजांना हे ठाऊकच होते’ असे म्हणण्याचा मोह येथे टाळावा. गवती चहा पिढ्यान्पिढ्या उकळत आला. त्रिकोण दिसले ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली. वनस्पतीचा वापर जुना असला, तरी हे ज्ञान नवे आहे आणि त्याचे श्रेय प्रयोग करणाऱ्यांचे आहे.