यवतमाळचा कापूस, लंडनचा सहामाही हिशेब आणि हुंडणावळीचा तोटा

आजचा धागा लांब आहे आणि त्यात एकही लढाई नाही. हिशेबाच्या वह्या मात्र आहेत. शेवटपर्यंत वाचावा, ही विनंती.

यवतमाळ जिल्ह्यात वाढलेल्या प्रत्येकाला 'शकुंतला' ठाऊक असते. मूर्तिजापूर ते यवतमाळ सुमारे 113 किलोमीटर आणि मूर्तिजापूर ते अचलपूर सुमारे 76 किलोमीटर, अशी ही अरुंद रुळांची गाडी. ती सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची होती आणि त्या कंपनीचा कारभार किलिक निक्सन ही मुंबईची पेढी पाहत असे. स्वातंत्र्यानंतर मोठ्या रेल्वे सरकारच्या झाल्या, तरी या मार्गाची मालकी कंपनीकडेच राहिली. त्यावरून समाजमाध्यमांवर दर काही महिन्यांनी एक संदेश फिरतो : 'भारत आजही इंग्रजांना रेल्वेचे भाडे देतो.' किलिक निक्सन ही पेढी स्वातंत्र्यानंतर भारतीय मालकांच्या हाती गेली, ही गोष्ट त्या संदेशात नसते. असो. माझी तक्रार वेगळीच आहे. या छोट्या गाडीच्या कथेने एक फार मोठी कथा झाकली गेली आहे. वऱ्हाडच्या कापसावर चाललेल्या रेल्वेचा खरा पैसा कुठे आणि कसा गेला, हे शोधायचे तर शकुंतलेच्या आधी चाळीस वर्षे मागे, ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या सहामाही हिशेबांकडे जावे लागते.

ही जी.आय.पी. कंपनी 1849 साली ब्रिटिश संसदेच्या कायद्याने स्थापन झाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिचा ईस्ट इंडिया कंपनीशी करार झाला. संचालक लंडनला, भागधारक इंग्लंडात आणि रूळ आपल्याकडे. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, हे शाळेतल्या पुस्तकात असते. करारातली अट मात्र तिथे नसते. कंपनीच्या भांडवलावर सरकारने 5 टक्के व्याजाची हमी दिली होती. रेल्वेची निव्वळ कमाई तेवढी झाली नाही, तर उरलेली रक्कम हिंदुस्थानच्या महसुलातून भरायची. कमाई त्याहून अधिक झाली, तर वरच्या नफ्यातला अर्धा भाग भागधारकांचा. उरलेल्या अर्ध्यातून सरकारने आधी भरलेली तूट फिटत जायची.

म्हणजे मूळ करारात एक शहाणपणाची सोय होती. प्रत्येक वर्षाची तूट पुसली जात नव्हती. ती एका बाजूला साचत होती, व्याजासह, आणि चांगल्या दिवसांत ती फेडणे कंपनीवर बंधनकारक होते.

1870 च्या सुमारास ही सोय गेली. लंडनमध्ये भारतमंत्र्यांच्या कार्यालयाने जी.आय.पी. आणि आणखी काही हमीदार कंपन्यांशी नवा सौदा केला. सरकारने साचलेल्या थकबाकीवरचा हक्क सोडला आणि पंचवीस वर्षांनी रेल्वे विकत घेण्याची पहिली संधीही पुढे ढकलली. बदल्यात सरकारला काय मिळाले? यापुढे होणाऱ्या जादा नफ्यातला कायमचा अर्धा वाटा. वरवर पाहता देवाणघेवाण बरोबरीची वाटते. खोच पुढच्या अटीत होती : जादा नफा मोजायचा तो दर सहामाहीला, आणि प्रत्येक सहामाही स्वतंत्र धरायची.

सहामाही हिशेब ही विलायतेतल्या रेल्वे कंपन्यांची जुनी रीत. 1845 च्या कायद्यापासून तिथल्या कंपन्यांच्या सर्वसाधारण सभा वर्षातून दोनदा भरत. 1868 च्या कायद्याने सहामाही हिशेबाचे ठरावीक नमुनेच घालून दिले. इंग्लंडात त्याने फारसे बिघडत नव्हते. तिथे सहामाहीचा अहवाल ही भागधारकांना दिलेली माहिती होती. आपल्याकडे त्याच अहवालावर सरकारी तिजोरीतून पैसे बाहेर पडत होते.

आता यवतमाळात या. त्या काळी या जिल्ह्याचे नाव वणी होते. 'यवतमाळ' हे नाव 1905 साली आले. जी.आय.पी.ची नागपूर शाखा 1867 मध्ये नागपूरला पोहोचली होती आणि जिल्ह्याचा कापूस बैलगाड्यांनी धामणगावच्या स्टेशनावर जात असे. कापसाचे वेळापत्रक आपल्याला सांगायला नको. मृगाच्या आगेमागे पेरणी, दिवाळीच्या सुमारास पहिली वेचणी, मग दुसरी, तिसरी. सरकी काढायची, गाठी बांधायच्या आणि पाऊस लागण्याआधी माल मुंबई बंदरात पोहोचवायचा. गाठींची खरी गर्दी जानेवारी ते मे या महिन्यांत. जुलै ते सप्टेंबर रस्ते चिखलात, गाड्या रिकाम्या. म्हणजे 30 जूनला संपणारी सहामाही भरभक्कम आणि 31 डिसेंबरला संपणारी रोडावलेली. हे एखाद्या वर्षाचे नशीब नव्हते. दरवर्षीचे ऋतुमान होते.

एक काल्पनिक पण सोपे गणित मांडतो. समजा, हमीचे व्याज प्रत्येक सहामाहीला 60 लाख रुपये आहे. जानेवारी–जूनमध्ये रेल्वेने निव्वळ 80 लाख कमावले. जादा 20 लाख. त्यातले 10 लाख भागधारकांना. जुलै–डिसेंबरमध्ये कमाई 40 लाख. तूट 20 लाख. ती सरकारने भरायची. आता पूर्ण वर्ष एकत्र पाहा. कमाई 120 लाख, हमीचे व्याज 120 लाख. जादा नफा शून्य. तरीही भागधारकांच्या पदरात 10 लाख अधिकचे पडले आणि तेवढ्याच रकमेचा खड्डा तिजोरीला पडला. कुणी चोरी केली नाही, कुणी खोटा आकडा लिहिला नाही. वर्ष मधोमध कापले, एवढेच.

मला हा सगळा विषय सुचला तो इथे. पदव्युत्तर अभ्यासात मी 'आर्थिक निःसारण' या शब्दावर उत्तरे लिहिली, दादाभाई नौरोजींचे नाव प्रत्येक उत्तरात घातले, परंतु निःसारण प्रत्यक्षात कोणत्या नळातून होते हे मला कुणी विचारले नाही आणि मीही कुणाला विचारले नाही. त्यातला एक नळ ही सहामाहीची रेघ होती.

दुसरा नळ हुंडणावळीचा. हा शब्द आता मागे पडला आहे. एका चलनाचे दुसऱ्यात रूपांतर करण्याचा दर, असा त्याचा अर्थ. रेल्वेची कमाई रुपयांत होती आणि हमी पौंडांत. करारात दर ठरला होता 1 रुपया म्हणजे 1 शिलिंग 10 पेन्स, म्हणजे 22 पेन्स. (एका पौंडाचे 20 शिलिंग, एका शिलिंगाचे 12 पेन्स, म्हणून पौंडाचे 240 पेन्स.) रुपया चांदीचा होता आणि सुरुवातीची काही वर्षे बाजारात त्याला 22 पेन्सांहून अधिक भाव मिळे, त्यामुळे करारातला दर सरकारच्या फायद्याचा होता. 1871 नंतर जर्मनीने सोन्याचे चलन स्वीकारले, अमेरिकेतल्या नव्या खाणींतून चांदी येऊ लागली आणि चांदीचा भाव घसरला. त्यामागे रुपयाही घसरला. 1870 च्या दशकाच्या मध्यात तो 22 पेन्सांच्या खाली आला तो पुन्हा वर गेला नाही. 1892–93 पर्यंत सुमारे 15 पेन्सांवर आला आणि पुढे त्याहूनही खाली. जून 1893 मध्ये सरकारने टांकसाळी चांदीच्या खुल्या नाणेपाडणीस बंद केल्या, तेव्हा कुठे घसरण थांबवण्याचा मार्ग निघाला आणि शतक संपता संपता रुपया 1 शिलिंग 4 पेन्सांवर स्थिरावला.

आता पुन्हा थोडे गणित. 1 कोटी रुपयांची कमाई करारातल्या 22 पेन्सांच्या दराने सुमारे 9 लाख 17 हजार पौंड होते. बाजारातल्या 16 पेन्सांच्या दराने तीच कमाई सुमारे 6 लाख 67 हजार पौंड. हमीचे व्याज समजा 8 लाख पौंड असेल, तर कंपनीच्या कागदावर 1 लाख 17 हजार पौंडांचा जादा नफा दिसणार आणि त्यातला अर्धा भागधारकांना पौंडांत द्यावा लागणार. प्रत्यक्षात मात्र 1 लाख 33 हजार पौंडांची तूट. एकाच रेल्वेचे एकाच काळाचे दोन हिशेब, आणि दोन्ही आपापल्या जागी नियमाप्रमाणे बरोबर.

मग हा फरक कुठे नोंदला गेला? कंपनीच्या अहवालात त्याला जागा नव्हती, कारण तिच्यासाठी दर कराराने बांधलेला होता. तो हिंदुस्थान सरकारच्या जमाखर्चात 'हुंडणावळीतील तोटा' अशा स्वतंत्र सदराखाली दिसे. तिथे तो रेल्वेचा तोटा वाटतच नसे. चांदीचा, नशिबाचा, जागतिक बाजाराचा वाटे. भरला मात्र तो जमीनमहसूल देणाऱ्यांनी, मिठावरचा कर देणाऱ्यांनी.

गणेश व्यंकटेश जोशींनी पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात रेल्वेच्या अर्थकारणाची चिकित्सा केली ती याच काळात, 1880 च्या दशकात. 1897 मध्ये वेल्बी आयोगापुढे लंडनला गोखले आणि दिनशा वाच्छा यांनी हिंदुस्थानच्या खर्चाविषयी साक्षी दिल्या. पुढे वाच्छांनी रेल्वेच्या अर्थकारणावर स्वतंत्र लेखनही केले. ही मंडळी आपल्याला भाषणांमुळे आठवतात. त्यांनी सरकारी तक्त्यांशी घेतलेली झटापट मला अधिक मोलाची वाटते, कारण त्या तक्त्यांत त्यांना उत्तर देणे सरकारला सर्वांत अवघड जाई.

ज्यांना वाणिज्य शाखेची सवय आहे त्यांच्या एव्हाना लक्षात आले असेल की हे दोन्ही प्रश्न आजही हिशेबशास्त्रात जिवंत आहेत. वर्षाचा तुकडा हा पूर्ण वर्षाचा भाग मानायचा, की स्वतंत्र काळ? अमेरिकेने 1973 च्या आपल्या नियमात पहिली बाजू घेतली. 1998 चे आंतरराष्ट्रीय मानक, आणि त्यावर बेतलेले आपले 'इंड ए.एस. 34', बहुतांशी दुसरी बाजू घेते. पण तेच मानक सांगते की धंदा हंगामी असेल तर अंतरिम अहवालात तसे स्पष्ट लिहा, आणि फार हंगामी असेल तर मागच्या बारा महिन्यांचे आकडेही देणे बरे. जी.आय.पी.च्या करारात एवढे एक वाक्य असते तर!

हुंडणावळीच्या फरकालाही आता घर मिळाले आहे. परदेशातल्या उपकंपनीचे हिशेब रुपयांत आणताना जो फरक पडतो, तो नफातोट्यात न घालता 'इतर सर्वसमावेशक उत्पन्न' या सदरात दाखवतात. वर्षानुवर्षे तो भागधारकांच्या निधीत वेगळा साचत राहतो आणि ती परदेशी कंपनी विकली, की नफातोट्यात येतो. अमेरिकेत 1981 च्या नियमाने असा फरक नफ्यातून काढून वेगळा साठवायला सुरुवात झाली आणि 1997 मध्ये त्या सदराला आजचे नाव मिळाले. गंमत अशी की हा विषय पुन्हा यवतमाळच्या दारात येतो. इथल्या डेनिम कारखान्यासाठी 2006 साली रेमंडने बेल्जियमच्या यूको कंपनीशी भागीदारी केली. त्या भागीदारीचा एक कारखाना रुमानियातही होता. यवतमाळचे रुपये आणि रुमानियाचे लेऊ एका ताळेबंदात आणायचे म्हणजे तोच जुना प्रश्न. फरक एवढाच की आता दर बाजाराचा लावतात आणि पडलेला फरक त्याच ताळेबंदात दाखवतात.

तुलना फार ताणू नये, हेही नमूद करतो. 1870 पूर्वी साचत जाणारी हमीची थकबाकी हे आजच्या अर्थाने 'इतर सर्वसमावेशक उत्पन्न' नव्हते. ते सरळ कर्ज होते. साम्य आहे ते एका गोष्टीत : आकडा वेगळा साचत होता आणि कुणीतरी तो पाहत होता. 1870 च्या सौद्याने ते साचणेच बंद केले.

जी.आय.पी.चा जुना करार 30 जून 1900 रोजी संपला आणि रेल्वे सरकारने विकत घेतली. 1925 पर्यंत ती कंपनीकडूनच चालवून घेतली. ब्रिटनमध्ये 1911 च्या कायद्याने रेल्वे कंपन्यांना सहामाही हिशेबाऐवजी वार्षिक हिशेब द्यायला सांगितले. त्याच सुमारास किलिक निक्सनची कंपनी मूर्तिजापूर–यवतमाळ मार्गाची जुळवाजुळव करत होती. तिचे भांडवल इथले, रुपयांतले. पौंडांचा आणि त्या 22 पेन्सांचा प्रश्नच तिथे नव्हता. ज्या गाडीवरून आपण इंग्रजांच्या भाड्याचे संदेश पुढे पाठवतो, ती गाडी त्या जुन्या, महागड्या रचनेच्या नंतरची आहे.

पुढचा धागा शकुंतलेवरच. मँचेस्टरमध्ये 1921 साली बनलेले तिचे वाफेचे इंजिन 1994 पर्यंत कसे धावले, त्याविषयी.