रस्ता खचला, खड्डे उथळ झाले : 1934चा बिहार आणि भरावाखालची माती

रस्त्यांचा इतिहास म्हटलं की आपल्याला राजे, सराया, मैलाचे दगड आठवतात. आज आपण त्याच्या खाली, मातीत उतरणार आहोत. प्रश्न साधा आहे. नदीच्या सैल गाळावर भराव घालून रस्ता उभा केला, तर तो नेमका कशाच्या आधारावर उभा असतो?

आपण महाराष्ट्रातली माणसं. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पण पुष्कळ ठिकाणी थोडं खणलं की मुरूम नाहीतर काळा पत्थर लागतो. उत्तर बिहारमध्ये तसं नाही. गंडक, बागमती, कोसी या नद्यांनी आणलेली वाळू आणि गाळ तिथं शेकडो मीटर खोल आहे आणि भूजल अगदी वर आहे. दरवर्षी पूर येणार, म्हणजे रस्ता उंचावर हवा. भरावाला माती कुठून आणायची? जुनी रीत अशी की रस्त्याच्या कडेलाच खड्डे खणायचे आणि ती माती मध्ये टाकायची.

15 जानेवारी 1934 रोजी, दुपारी दोन वाजून गेल्यावर, बिहार आणि नेपाळ हादरले. भूकंपाची तीव्रता सुमारे 8 होती. दोन्हीकडे मिळून दहा हजारांहून अधिक माणसं गेली. मुंगेर, मुझफ्फरपूर, काठमांडू, भक्तपूर इथली घरं कोसळली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे ऑडेन, डन, घोष, रॉय आणि वाडिया यांनी या भूकंपाचा अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ 1939 साली प्रसिद्ध झाला.

या मंडळींनी नकाशावर एक पट्टा आखला. चंपारणपासून सीतामढी, मधुबनीवरून पूर्णियाकडे जाणारा, सुमारे 300 किलोमीटर लांब. त्याला त्यांनी ‘स्लंप बेल्ट’ म्हटलं. आपण ‘खचपट्टा’ म्हणू. इथं जमिनीतून वाळू आणि पाण्याचे फवारे उडाले, विहिरी वाळूनं भरल्या, शेतांवर वाळू पसरली. घरं नुसती पडली नाहीत, ती कलली आणि जमिनीत रुतली. आणि आपल्या विषयाचं म्हणजे, साधारण दोन मीटर उंचीचे रस्त्यांचे भराव खचत खचत आजूबाजूच्या जमिनीच्या पातळीला आले. त्याच वेळी तळी आणि माती काढलेले खड्डे उथळ झाले. त्यांचे तळ वर आले!

आता ही दोन निरीक्षणं शेजारी ठेवून बघा. भराव खाली गेला, बाजूचा खड्डा वर आला. म्हणजे भराव स्वतः ढासळला एवढंच झालं नाही. त्याच्या खालची माती बाजूला वाहिली. खड्डा खणून आपण तिला जायला जागाच करून ठेवली होती.

माती वाहते कशी? तांदळाचा डबा जमिनीवर दोनदा आपटला की तांदूळ खाली बसतो. सैल वाळूही हादऱ्यानं अशीच बसू पाहते. पण तिच्या कणांमधल्या जागेत पाणी भरलेलं असेल, तर आधी पाण्याला बाहेर पडावं लागतं. हादरे काही सेकंदांचे. तेवढ्यात पाणी निघत नाही. त्याचा दाब वाढतो, कण एकमेकांवरून सुटतात, आणि कणांनी पेललेलं वजन पाण्यावर येतं. पाणी भार पेलेल, पण बाजूला सरकण्याला विरोध करणार नाही. यालाच आज द्रवीभवन म्हणतात.

हे समजायला लागणारे तुकडे तेव्हा तयार होत होते. कार्ल टेर्झागी यांचा मातीच्या यांत्रिकीवरचा जर्मन ग्रंथ 1925 साली आला होता. मातीची ताकद एकूण वजनावर नाही, तर त्यातून पाण्याचा दाब वजा करून उरणाऱ्या भारावर ठरते, हा त्यांचा विचार. 1936 साली आर्थर कासाग्रांडे यांनी दाखवलं की सैल वाळू सरकताना आकसते, घट्ट वाळू फुलते. पण या सगळ्याचं रोजच्या कामातलं गणित व्हायला आणखी एक आपत्ती लागली. जून 1964 मध्ये जपानच्या निगाताला भूकंप झाला आणि चांगल्या काँक्रीटच्या इमारती, भिंती शाबूत ठेवून, कलंडल्या. त्यानंतर 1971 साली सीड आणि इद्रिस यांनी सोपी पद्धत मांडली: भूकंप मातीवर किती ताण आणेल आणि माती किती सोसेल, यांची तुलना.

माती किती सोसेल हे मोजायचं साधनही साधंच. 63.5 किलोचा हातोडा 75 सेंटिमीटरवरून पाडायचा आणि नळी 30 सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागतात ते मोजायचं. दहाच्या आत लागले तर वाळू सैल.

आपल्याकडे काय चाललं होतं? 1927 साली मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली रस्ते विकास समिती नेमली गेली, आणि तिच्या शिफारशीतून इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली, ती डिसेंबर 1934 मध्ये. भूकंपाचंच वर्ष! पुढे 1961 मध्ये या संस्थेनं रस्त्याकडेच्या खड्ड्यांबद्दल वेगळी शिफारसपत्रिका काढली.

हा इतिहास जुना झालेला नाही. ऑगस्ट 1988 मध्ये, ऐन पावसाळ्यात, पुन्हा भूकंप झाला आणि उत्तर बिहारच्या जमिनीतून पुन्हा वाळू-पाणी वर आलं. आज पोरबंदर ते सिलचर हा महामार्ग याच मैदानातून जातो. भरावाच्या मातीचं वजन घनमीटरला दोन टनांच्या आसपास. म्हणजे दोन मीटरच्या भरावाखाली चौरस मीटरवर सुमारे चार टन, आणि पुलाच्या तोंडाशी सहा मीटर झाला की बारा टन. उपाय आहेत: खालची वाळू कंपनानं घट्ट करणं, खडीचे खांब घालणं, भरावाचा उतार पसरट ठेवणं, पायथ्याशी मातीचा जादा टेकू देणं, खड्डे लांब नेणं. मात्र यातला बराचसा खर्च जमिनीखाली जातो. उद्घाटनाच्या दिवशी तो कुणाला दिसत नाही, म्हणून कात्री आधी तिथंच लागते.

पुरात गावं गुरं-ढोरं घेऊन या भरावावरच येऊन बसतात. भूकंपानंतर डॉक्टर आणि धान्य याच रस्त्यानं पोहोचायचं असतं. गावाला तो सर्वांत जास्त लागतो, नेमका त्याच दिवशी तो खचू शकतो. म्हणून यापुढे एखाद्या नव्या रस्त्याबद्दल ऐकलं, तर किती पदरी आहे एवढंच विचारून थांबू नये. खाली किती ठोके लागले, हेही आपण विचारू या.